तिसरी ‘ब’चा तांदूळ

शुक्रवारी साडेबाराला शाळा सुटण्यापूर्वी पत्रक प्रत्येक दप्तरात गेले पाहिजे, एवढी एकच अट सिस्टर बेनेडिक्ता यांनी मला नोकरीवर घेताना घातली होती. त्याआधी मी संध्याकाळी निघणाऱ्या एका दैनिकात उपसंपादक होतो. ते बंद पडले. दहिसरच्या या कॅथलिक प्राथमिक शाळेला कार्यालयात लिपिक हवा होता, आणि मुख्याध्यापिका असलेल्या सिस्टरांना तो चार ओळी सरळ लिहू शकणारा हवा होता. पगार दैनिकापेक्षा कमी होता, पण वेळेवर होत असे.

शाळा मराठी माध्यमाची, पहिली ते चौथी. बहुतेक मुले कोकणातून आलेल्या घरांतली, बरीचशी बौद्ध घरांतली. कॅथलिक मुले प्रत्येक वर्गात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मंगळवारी शेवटच्या तासाला ती धर्मशिक्षणाला जात आणि उरलेला वर्ग मूल्यशिक्षणाला बसे. दोन्हींचा विषय बऱ्याचदा एकच असे, खोटे बोलू नये. बुधवारी कवायत, गुरुवारी नखे आणि केस यांची तपासणी, शुक्रवारी दान आणि पत्रक. असा आठवडा होता.

पत्रक म्हणजे एक कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला. सोमवारपासून मजकूर जमवायचा, गुरुवारी लावायचा, शुक्रवारी सकाळी शेवटची बातमी घालून शाळेच्या झेरॉक्स यंत्रावर काढायचा. मला मुले ‘पेपरवाले सर’ म्हणत. पहिलीतल्या एकाने विचारले होते, “सर, तुम्ही आमच्या बिल्डिंगमध्ये पण टाकता ना सायकलवरून?”

बाहेरच्यांना वाटते, शाळेच्या पत्रकात काय असणार? सर्वांत जास्त वाचला जाणारा मजकूर ‘हरवले-सापडले’ हा होता, हे मी खात्रीने सांगू शकतो. एका पायाचा काळा बूट सलग सहा आठवडे त्या सदरात होता. सर्वांत कठीण बातमी उवांची. ‘काही मुलींच्या डोक्यात उवा आढळल्या असून पालकांनी काळजी घ्यावी’ असे लिहिले, तर सोमवारी एक आई खिडकीशी उभी.

“काही म्हणजे कोण, ते सांगा.”

“बाई, नावे देत नाही आम्ही.”

“नावं नका देऊ. आमची त्यात आहे की नाही तेवढं सांगा.”

तिची त्यात होती. तेव्हापासून उवांचे पत्र सर्व मुलींच्या आयांना सारख्याच शब्दांत जाऊ लागले, ज्यांच्या डोक्यात काही नाही त्यांच्याही. लिंबू-चमचा शर्यतीत चौथा आलेल्या मुलाचे नाव का नाही, म्हणून त्याचे वडील रिक्षा शाळेच्या दारात लावून भांडून गेले. पुढच्या वर्षी तो मुलगा सहावा आला. त्या वेळी नावे मी चौथ्यापर्यंत छापली होती.

दानाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. ही शाळा श्रीमंत नव्हती, आजही नाही. तरी दर आठवड्याला कुणासाठी तरी काहीतरी गोळा होत असे: जुने चष्मे, थंडीत स्वेटर, अर्धवट वापरलेल्या वह्यांची कोरी पाने. ती पाने शिवून नव्या वह्या करण्याचे काम चौथीचा वर्ग करी आणि त्या वह्या आदिवासी पाड्यावरच्या एका बालवाडीत जात. दैनिकात मी मोठमोठ्या देणग्यांच्या बातम्या केल्या होत्या. सलग इतकी वर्षे, एकही शुक्रवार न चुकवता चाललेले दान मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

त्यातला सर्वांत जुना प्रघात मुठीचा. राखेच्या बुधवारी कॅथलिकांचा उपवासकाळ सुरू होतो आणि ईस्टरपर्यंत चालतो. त्या काळातल्या प्रत्येक शुक्रवारी शाळेतल्या प्रत्येक मुलाने, धर्म कोणताही असो, घरून एक मूठ तांदूळ आणायचा. मूठ मुलाची हवी, आईची चालणार नाही. फार पूर्वीच्या एका मुख्याध्यापिकेने घालून दिलेला हा नियम होता. सात वर्षांच्या मुलाची मूठ कोणत्याही घरची असली तरी जवळपास तेवढीच. तांदूळ रुमालात बांधून आणायचा आणि जिन्याखालच्या पिंपात सोडायचा. ईस्टरच्या सुट्टीपूर्वी ते पिंप मालाडला, दुसऱ्या एका धर्मसंघाच्या सिस्टर चालवत असलेल्या वृद्ध स्त्रियांच्या घरी जाई.

या प्रघातात मी ढवळाढवळ केली. माझ्या नोकरीतली ती एकमेव गंभीर चूक, आणि ती करताना मला ती सुधारणा वाटत होती.

पत्रकात दर वर्षी एकच वाक्य असे: ‘मुलांनी मुठीचा तांदूळ दिला.’ बातमीदाराच्या नजरेला यात काहीच नव्हते. किती दिला? कोणी जास्त दिला? आकडा नाही तर बातमी नाही, हे मला दैनिकात पहिल्या महिन्यात शिकवले होते. मी सिस्टरांना म्हटले, “वर्गवार वजन करू. पत्रकात क्रम देऊ. मुलांना हुरूप येईल.”

सिस्टर वसईच्या. बोलणे कमी, पण थेट. “मूठ मोजायची?”

“मुलाची नाही, सिस्टर. वर्गाची.”

त्यांनी थोडा वेळ विचार करून होकार दिला. शाळेचा शिपाई पास्कल याने कोपऱ्यावरच्या वाण्याकडून तराजू आणला आणि तो ठेवता ठेवता म्हणाला, “सर, पंगतीत कोण किती जेवला ते लिहितात का कधी? मग वाढणाऱ्याचं कशाला लिहायचं?” मी त्याला तराजू सरळ लावायला सांगितले.

तिसऱ्या शुक्रवारच्या पत्रकात आठ वर्गांचा क्रम आला. पहिल्या क्रमांकावर चौथी ‘अ’. शेवटची तिसरी ‘ब’. ती शेवटची असण्याचे कारण साधे होते. त्या दिवशी त्या वर्गातली बरीच मुले तापाने घरी होती. हे कारण मला माहीत होते. जागा कमी पडली म्हणून मी ते गाळले.

चौथ्या शुक्रवारी रुमाल कमी आणि पिशव्या जास्त आल्या. कुणाच्या आजोबांनी पाच मुठी बांधून दिल्या होत्या, कुणी दुकानातले बंद पाकीटच आणले होते. तिसरी ‘ब’ एकदम पहिली आली. मी नऊ वाजता वजन केले, साडेअकराला छापले. मथळा दिला: ‘तिसरी ब: शेवटची झाली पहिली’. त्या मथळ्याचे मला दुपारभर कौतुक वाटत होते.

शनिवारी शाळा अर्धी. मधल्या सुट्टीत एक बाई कार्यालयाच्या खिडकीशी आली. एका हातात माझे पत्रक, दुसऱ्या हातात अर्ज. तिसरी ‘ब’मधल्या प्राचीची आई. दहिसर पुलाजवळच्या पोळीभाजी केंद्रात ती कामाला होती आणि तिथूनच, पिठाचे हात पुसून आली होती.

“दाखला काढायचाय,” ती म्हणाली. “अर्ज आणलाय लिहून.”

शाळा सोडल्याचा दाखला देणे माझ्याच कामात होते. त्यात एक रकाना असतो, शाळा सोडण्याचे कारण. आपण अर्जात लिहितो ते कारण रजिस्टरमध्ये जाते, रजिस्टरमधून दाखल्यावर, आणि दाखला मुलाबरोबर पुढच्या शाळेत. अर्जात तिने लिहिले होते: ‘मुलीला घरातून चोरी करण्याची सवय लागल्यामुळे गावी पाठवीत आहे.’

मी अर्ज घेऊन तिला सिस्टरांच्या खोलीत नेले. प्राचीच्या वर्गशिक्षिका कांबळे टीचरही आल्या. प्रकार असा झाला होता. प्राचीच्या आजोबांना अंगावरून वारे गेले होते. ते अंथरुणावर होते आणि त्यांना फक्त पेज जात असे, तीही गावच्या उकड्या तांदळाची. तो तांदूळ कुडाळजवळच्या गावाहून कुणी येणारा असेल तेव्हाच येई. शुक्रवारी संध्याकाळी आईने डबा उघडला तर तळ दिसला. प्राची पहाटे सगळा तांदूळ पिशवीत भरून शाळेत घेऊन आली होती.

“विचारलं तर बोलत नाही. उभी राहते नुसती,” आई म्हणाली. “मारलं, तरी बोलली नाही. इकडे पहिला नंबर छापलाय. माझ्या चेडवाक तुम्ही चोर केलात, आणि वर टाळ्या.”

कांबळे टीचर म्हणाल्या, “अहो ताई, प्राची तशी मुलगी नाही. वर्गात एक पेन्सिल सापडली तरी टेबलावर आणून ठेवते.”

“घरातलं कुठे आणून ठेवते? गावाला माझी जाऊ आहे. तिच्याकडे राहील, तिथल्या शाळेत जाईल. इथे नको.”

“तांदूळ आम्ही देतो,” सिस्टर म्हणाल्या. “आज देतो. चांगला कोलम आहे आमच्या घरी, कॉन्व्हेंटमध्ये.”

“मला दान नको, सिस्टर. ते तुम्ही मालाडला द्या.”

सिस्टरांनी अर्ज पुन्हा वाचला. “दाखला मागण्याचा हक्क तुमचा आहे. पण या कारणाखाली मी सही करणार नाही. हे कारण खरं नाही.”

“खरं नाही? डबा रिकामा आहे माझा.”

आतापर्यंत मी नोंद घेणाऱ्यासारखा भिंतीशी उभा होतो. दुसऱ्याच्या घटनेत बातमीदार नसतो, ही जुनी सवय. मी सांगितले, “वजन करायची कल्पना माझी. क्रम मी लावला. मागच्या आठवड्यात तिसरी ‘ब’ शेवटची आहे, हे मी छापलं.”

तिने माझ्याकडे नीट पाहिले. “तुम्ही?”

“हो.”

“मग तुम्हीच निवडा.”

“काय निवडू?”

“माझा तांदूळ. उकडा आहे तो, जाडा, लालसर. तुमच्या बासमतीत लपायचा नाही. पिंपातून काढा आणि माझा मला द्या. मग दाखल्याचं बघू.”

पास्कलने पिंप हॉलमध्ये आणून सतरंजीवर चादर पसरली. कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात दोनच सुपे होती, बाकीच्यांसाठी ताटे आली. शाळा सुटली होती. मी खाली बसलो आणि एक सूप भरून एकेक लालसर दाणा चिमटीने उचलू लागलो. ती उभी राहून पाहत होती. पाच मिनिटांत माझ्यासमोर चमचाभर तांदूळ जमला.

“असं केलंत तर माझा सासरा ईस्टरला जेवेल,” ती म्हणाली. मग खाली बसली आणि सूप माझ्या हातातून घेतले. “एवढं भरायचं नाही. पातळ पसरा. असं वाकवा. जाडा दाणा मागं राहतो, बारीक पुढं येतो. आता हाताने ओढा. चिमटीने काय, मोती आहेत?”

कांबळे टीचर बसल्या. पास्कल बसला. सिस्टरांनी बाह्या मागे सारल्या आणि एक ताट पुढे ओढले. त्यांचे हात आमच्या सर्वांपेक्षा चांगले चालत होते. विचारल्यावर त्यांनी सांगितले, लहानपणी घरी भातशेती होती. चौथ्या शुक्रवारचा तांदूळ वरच होता, त्यामुळे पूर्ण पिंप उपसावे लागले नाही. तरी दोन तास गेले.

मध्येच आईने शेजारणीला फोन केला. “प्राचीला पाठवून दे गं शाळेत, तांदळाचा डबा घेऊन. हो, आत्ता.”

प्राची आली ती गणवेशात. आईने तिला त्या दिवशी घरीच ठेवले होते, शाळा सुटूनही तास झाला होता; तिला गणवेश घालायला कुणी सांगितले नव्हते. वेण्या घट्ट, रिबिनी लावलेल्या. हॉलमध्ये चादरीभोवती सिस्टर, टीचर, शिपाई आणि पेपरवाले सर तांदूळ निवडत बसलेले पाहून ती दारातच थांबली. आई म्हणाली, “बघतेस काय? बस.” ती आईच्या बाजूला बसली आणि निवडू लागली.

थोड्या वेळाने सिस्टरांनी, हातातले काम न थांबवता, विचारले, “प्राची, सगळाच का आणलास गं?”

“आमचा वर्ग खाली होता.”

“कुठे खाली?”

“कागदावर. सरांच्या.”

मी ताटातले दाणे पुन्हा एकदा पसरले.

आईने विचारले, “मग मला सांगायला काय झालं होतं?”

“सांगितलं असतं तर दिला असतास?”

“नसता दिला.”

“म्हणूनच नाही सांगितलं.”

कांबळे टीचरांनी तोंडाला पदर लावला. आईनेही मान खाली घातली, पण तिचे खांदे हलले ते मला दिसले. हसू आवरल्यावर ती मुलीला म्हणाली, “आजोबांनी काल काय खाल्लं, माहितेय? बिस्किट भिजवून. तुझा वर्ग वर गेला आणि ते उपाशी.” आता प्राची रडली. काल मार खाताना रडली नव्हती, असे आईने नंतर सांगितले.

डोळे पुसायला आईने तिला आपला पदर दिला. मग चादरीवरच्या ढिगाकडे हात करून मला विचारले, “सर, हा असा मिसळलेला तांदूळ त्या म्हाताऱ्या खातात कसा? ह्यात उकडा आहे, कोलम आहे, रेशनचा आहे. एक गळून जाईल तेव्हा दुसरा कच्चा असेल. भात होणारच नाही ह्याचा.”

इतकी वर्षे पिंप मालाडला पोहोचल्याची बातमी मी छापली होती. तिथे पुढे त्याचे काय होते, हे मी कधी विचारले नव्हते. कार्यालयात जाऊन फोन लावला. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या सिस्टर फोनवर आल्या. प्रश्न ऐकून त्या हसल्या. “भात नाही होत त्याचा. आम्ही दळून आणतो आणि घावन करतो. आजी लोकांना ते पीठ पार जूनपर्यंत पुरतं. दात नाहीत ना, घावन बरे पडतात. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कधी सांगितलं नाही.”

हॉलमध्ये येऊन मी हे जसेच्या तसे सांगितले. प्राचीची आई म्हणाली, “शहाण्या आहेत बाया.”

निवडून झालेला उकडा तांदूळ एका परातीत जमला. तो तिच्या डब्यात मावेल त्यापेक्षा जास्त दिसत होता, कारण गावचा उकडा आणणारी कोकणातली मुले इतर वर्गांतही होती. कुणाचा दाणा कुणाचा, हे आता सांगता येणार नव्हते. सिस्टर म्हणाल्या, “सगळा न्या.” प्राचीने येताना घरचा डबा आणला होता, पत्र्याचा. आई त्यात तांदूळ ओतत गेली आणि काठापासून दोन बोटे खाली येताच थांबली.

“परवा रात्री एवढाच होता,” ती म्हणाली आणि परात पिंपात रिकामी केली.

दैनिकात अचूकपणाबद्दल माझे नाव होते. तिच्याइतका अचूक माणूस मला बातम्यांच्या टेबलावर भेटलेला नाही.

अर्ज टेबलावर तसाच होता. सिस्टरांनी तो तिच्यापुढे धरला. तिने तो वाचला, जणू दुसऱ्याच कुणी लिहिला असावा. मग घडी घालून प्राचीकडे दिला. “मागची बाजू कोरी आहे. घरी जाऊन सतराचा पाढा लिहून काढ. आणि सोमवारी शाळेत येताना खाऊचा डबा विसरू नकोस.”

दारापर्यंत जाऊन ती वळली. “सर, तुम्ही पुढच्या कागदात हे छापाल, नाही का?”

“दुरुस्ती छापावी लागेल. पद्धत आहे.”

“आमचं काही छापू नका. तिला वर्गात बसायचंय.”

तरीही मी दुरुस्ती लिहिली. नाव नव्हते, प्रसंग नव्हता, फक्त ‘गेल्या दोन अंकांतील वर्गवार क्रम रद्द समजावा’ एवढेच. सिस्टरांनी ती ओळ खोडली. “क्रम छापणं बंद करा, संपलं. मुलं सोमवारपर्यंत विसरतात. रद्द लिहिलंत तर पुन्हा शोधतील कोण शेवटी होतं ते.” तराजू पास्कलने त्याच दुपारी वाण्याकडे पोहोचवला होता. पुढच्या शुक्रवारी पुन्हा रुमाल आले. पिंपात किती भर पडली, याची नोंद नाही.

कुठेही न छापलेली ती दुरुस्ती मला पुढे बरीच वर्षे टोचत राहिली. पण त्या शनिवारी दोन तास चादरीभोवती बसलेल्या माणसांकडे पाहून आपण योग्य ठिकाणी कामाला आहोत असे जे वाटले, तेही खरे आहे. एका मुलीच्या नावापुढे रजिस्टरात एक खोटे कारण जाऊ नये, म्हणून मुख्याध्यापिका जमिनीवर बसून परक्याचा तांदूळ निवडते, अशा संस्थेची नोकरी मी केली. याचा अभिमान लपवण्याचे कारण मला दिसत नाही.

प्राची चौथीपर्यंत आमच्याकडेच होती. पाचवीसाठी तिचा दाखला मीच लिहिला. शाळा सोडण्याचे कारण: ‘इयत्ता चौथी उत्तीर्ण’. वर्तणूक: ‘चांगली’. आता ती बोरीवलीच्या एका रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेत आहे.

हा लेख लिहिण्यापूर्वी मी त्यांच्या घरी गेलो, कारण छापू नका असे मला सांगण्यात आले होते आणि आता त्यांची परवानगी मागणे भाग होते. आजोबा आता नाहीत. प्राची म्हणाली, “लिहा ना सर. आमच्या हॉस्टेलवर सगळ्यांना सांगून झालंय माझं.”

आई पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, “लिहा. पण लाल तांदूळ म्हणून लिहू नका, उकडा म्हणा. आणि तुम्ही निवडलेल्या पहिल्या सुपात खडे राहिले होते, ते मी घरी जाऊन परत निवडले. तेही लिहा.”

चौकशीअंती ते खरे असल्याचे प्राचीने सांगितले. खडे तीन होते.